आवडेल असं काम कसं निवडावं: आधी त्या कामाचा दिवस बघा

दहावी-बारावीचा निकाल लागला की घरात पहिला प्रश्न येतो, "मग, अ‍ॅडमिशन कशाला घ्यायची?" उत्तरात कोर्सचं नाव येतं, कॉलेजचं येतं, पॅकेजचा आकडाही येतो. ज्या कामात पुढची तीस-पस्तीस वर्षं जाणार आहेत, त्याचा एक साधा दिवस कसा जातो याची चौकशी मात्र बहुतेक घरांत होतच नाही. काम आवडेल की नाही, हे बरंचसं या चौकशीतूनच कळतं. ती कशी करायची आणि कुठे फसते, ते पुढे दिलं आहे. नागपुरात राहणाऱ्याला त्यासाठी शहराबाहेर फारसं जावंही लागत नाही.

वेळ साधारण आठ आठवडे धरा, आठवड्याला आठ-दहा तास. लागणारं सामान म्हणजे दोनशे पानी वही, पेन आणि बस-मेट्रोचे पैसे. परीक्षा संपल्यापासून निकाल लागेपर्यंतचा काळ याला सगळ्यात चांगला. हाताशी वेळ असतो आणि टक्क्यांनी अजून कुठलंच दार उघडलेलं किंवा बंद केलेलं नसतं.

वहीत क्रियापदं लिहा

"मला बायोलॉजी आवडतं" या वाक्यावरून काहीच ठरवता येत नाही. त्यातलं काय आवडतं? आकृत्या काढायला आवडतं, नावं पाठ करायला आवडतं, किडे तासन् तास न्याहाळायला आवडतं, की लहान भावाला पचनसंस्था समजावून सांगायला? या चार आवडींच्या वाटा चार दिशांना जातात. न्याहाळणाऱ्याला कपाशीवरच्या बोंडअळीचा अभ्यास आवडेल, आणि केंद्रीय कापूस संशोधन संस्था नागपुरातच आहे. समजावून सांगणारा शिक्षक होईल किंवा फिजिओथेरपिस्ट होईल, कारण त्या कामात रुग्णाला तोच व्यायाम रोज न कंटाळता समजवावा लागतो. घरात मात्र "बायोलॉजी आवडतं" म्हटलं की सरळ नीटचा क्लास लागतो.

म्हणून चौदा दिवस रोज रात्री दहा मिनिटं बसा आणि दिवसभरात केलेल्या गोष्टी क्रियापदांत लिहा: मोजलं, जोडलं, खोललं, समजावलं, रांगेत लावलं, हिशेब जुळवला, भांडण मिटवलं, पाहुण्यांची सोय केली, चित्र काढलं, चूक शोधली. प्रत्येकापुढे एक खूण करा. करताना वेळ कसा गेला ते कळलं नाही तर अधिक, घड्याळाकडे लक्ष होतं तर उणे. पंधराव्या दिवशी तीनदा किंवा जास्त वेळा अधिक मिळालेली क्रियापदं वेगळ्या पानावर उतरवा. साधारण पाच ते आठ निघतात.

ही वही तीन ठिकाणी बिघडते. एक, आई-बाबा वाचतील म्हणून आवडायला हव्या अशा गोष्टी लिहिल्या जातात, तेव्हा वही कुणाला दाखवू नका. दोन, शिकवणारे सर चांगले असले की त्यांचा विषय आवडता वाटतो. सर बदलले तरी त्या विषयाची गणितं तुम्ही आपणहून सोडवाल का, ते स्वतःला विचारा. तीन, बघायला आवडणं आणि करायला आवडणं यांत गल्लत होते. क्रिकेट बघायला आवडतं, स्वयंपाकाचे व्हिडिओ बघायला आवडतात, वाघ बघायला आवडतो. बघण्याच्या नोंदी वहीत धरायच्याच नाहीत.

सहा गट आणि कल चाचणी

निघालेली क्रियापदं गटांत लावायला जॉन हॉलंड या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाची १९५९ पासूनची मांडणी सोपी पडते. तिच्यात कामांचे सहा प्रकार आहेत: हाताने आणि यंत्रांशी करायची कामं; शोध-तपासाची; कलेची; माणसांना मदत करण्याची, शिकवण्याची; पटवण्याची आणि पुढाकाराची; नोंदी-आकड्यांची. बहुतेकांची क्रियापदं दोन किंवा तीन गटांत पडतात. त्या जोडीवरून कामं शोधली की नेहमीच्या डॉक्टर-इंजिनिअरपलीकडचं दिसायला लागतं. हात आणि मदत अशी जोडी निघाली तर अग्निशमन अभियांत्रिकी बघा. राष्ट्रीय अग्निशमन सेवा महाविद्यालय आपल्याच शहरात आहे. शोध आणि हात अशी निघाली तर माती, पाणी, खनिजं यांची तपासणी. राष्ट्रीय मृदा सर्वेक्षण ब्यूरो, पर्यावरणावर काम करणारी नीरी आणि भारतीय खाण ब्यूरो या तिन्ही संस्थांची मुख्यालयं नागपुरात आहेत. त्यांच्या फाटकावरून रोज कॉलेजला जाणाऱ्या मुलांनाही आत कुठल्या पदवीची माणसं काय काम करतात हे ठाऊक नसतं, आणि याचं वाईट वाटतं.

कल चाचणी करायची असेल तर जरूर करा, पण चाचणी आवडीची आहे की क्षमतेची हे आधी विचारून घ्या. दोन्ही वेगळ्या असतात, आणि दोन्ही केल्या तरच उपयोग होतो. अहवाल प्रशिक्षित समुपदेशकाने समोर बसवून समजावून द्यायला हवा. नुसती चाळीस पानांची पीडीएफ मिळणार असेल तर पैसे वाचवा. बोटांच्या ठशांवरून करिअर सांगणाऱ्या चाचणीला शास्त्रीय आधार नाही. तिच्यावर एक रुपयाही घालवू नका.

कामाचा दिवस

आता तीन किंवा चार कामं निवडा आणि प्रत्येकाला एक पान द्या. पानाच्या डोक्यावर लिहा: "मंगळवार, दुपारचे तीन." पहिला दिवस, सत्कार, बढती हे सगळं सोडून त्या वेळी हा माणूस कुठे बसला आहे, हातात काय आहे, समोर कोण आहे, ते शोधायचं.

स्पर्धा परीक्षांचं उदाहरण घेऊ, कारण आपल्याकडच्या अभ्यासिका याच स्वप्नाने भरलेल्या असतात. एमपीएससीच्या गट ब अराजपत्रित सेवांच्या परीक्षेतून सहायक कक्ष अधिकारी, राज्यकर निरीक्षक आणि पोलीस उपनिरीक्षक ही पदं भरली जातात. अभ्यासक्रमाचा मोठा भाग सारखा, पण मंगळवारची दुपार एकदम वेगळी. सहायक कक्ष अधिकारी मुंबईत मंत्रालयात फाइलवर टिपणी लिहीत असतो. त्याला नियम शोधणं, मसुदा करणं, नेमके शब्द वापरणं आवडायला हवं, आणि नागपूर सोडायची तयारी हवी. राज्यकर निरीक्षकाचा संबंध व्यापाऱ्यांची बिलं, जीएसटीची विवरणपत्रं आणि ताळमेळाशी. उपनिरीक्षक ठाण्यात तक्रार लिहून घेत असेल, पंचनामा करत असेल किंवा बंदोबस्तात उभा असेल. सणाच्या दिवशी तो घरी नसतो. अर्जात पसंतीक्रम भरायची वेळ येते तेव्हा बरेच जण तो "कुठलं पद मोठं" या हिशेबाने भरतात. पुढे कुढत बसण्याचं मूळ तिथेच असतं.

तहसीलदार व्हायचं असेल तर एक दिवस तहसील कार्यालयाच्या आवारात घालवा. फेरफाराच्या तक्रारी, जमिनीच्या वादांच्या सुनावण्या, दाखल्यांची रांग, गारपीट झाली की पीकनुकसानीचे पंचनामे, वाळूची वाहनं, निवडणुका, मंत्र्यांचे दौरे. माणसांची गर्दी, भांडणं आणि एकाच वेळी दहा कामं ज्याला झेपतात आणि भावतात, त्याला हे काम भरभरून देतं. शांत खोलीत बसून एकच गोष्ट खोल करायला आवडणारा हुशार मुलगा परीक्षा पास होईल, पण इथे दमून जाईल.

बाकीच्या कामांतही अशाच गोष्टी बाहेरून दिसत नाहीत. सर्वेक्षण, बांधकाम आणि खाणकाम उन्हात करावं लागतं, आणि आपल्या मे महिन्यात पारा पंचेचाळिशी गाठतो. मिहानमधल्या विमान-दुरुस्तीचं आणि कोळसा खाणींचं काम शिफ्टमध्ये चालतं. वर्तमानपत्रात पानं रात्री लागतात. आयटीत परदेशी ग्राहक असेल तर मीटिंग रात्री येते. वकिलीत पहिली काही वर्षं ज्येष्ठ वकिलांकडे तारखा घेण्यात आणि वाट बघण्यात जातात, आणि हातात फार पैसे येत नाहीत. केटरिंगमध्ये इतरांचं लग्न हा आपला कामाचा दिवस.

पान भरताना पाच प्रश्न जरूर घ्या. ते कामाच्या रचनेवर रिचर्ड हॅकमन आणि ग्रेग ओल्डहॅम यांनी १९७० च्या दशकात केलेल्या अभ्यासातून येतात. कामात वेगवेगळी कौशल्यं लागतात का? सुरुवातीपासून शेवटापर्यंत एक पूर्ण गोष्ट आपल्या हातून होते का? त्याने कुणाचं काही भलं होतं, हे दिसतं का? कसं करायचं हे ठरवायची मोकळीक किती? आणि आपण बरं केलं की वाईट, ते कधी कळतं? शेवटचा प्रश्न बहुतेक जण विसरतात. वेल्डरला जोड कसा झाला हे तिथल्या तिथे कळतं, शिक्षकाला सत्राने आणि संशोधकाला कधी कधी पाच वर्षांनी. ज्याला लगेच कळायला हवं असतं, त्याला संशोधनात करमत नाही, मग तो कितीही हुशार असो.

माणसांना विचारा

प्रत्येक कामासाठी किमान तीन माणसं गाठा: एक जण नुकताच लागलेला, एकाला आठ-दहा वर्षं झालेली, आणि एक ते काम सोडून गेलेला. तिसरा शोधायला कष्ट पडतात, पण सगळ्यात कामाचं तोच सांगतो. वीस वर्षांपूर्वी लागलेल्या काकांचं ऐका, मात्र भरती, पगार आणि काम तेव्हाचं आहे हे लक्षात ठेवा. क्लासच्या समुपदेशकाला तुम्हाला सीट विकायची असते, म्हणून तो या तिघांत धरू नका.

ओळख नसेल तर आपल्या शाळा-कॉलेजचे माजी विद्यार्थी शोधा आणि असा निरोप पाठवा: "नमस्कार सर, मी बारावी सायन्सला आहे. केमिकल टेक्नॉलॉजीचा विचार सुरू आहे. तुमच्या कामाचा दिवस कसा जातो ते समजून घ्यायचं होतं. रविवारी पंधरा मिनिटं फोनवर बोलता येईल का? नोकरी किंवा शिफारस मागायची नाही." शेवटचं वाक्य गाळू नका, त्यामुळे समोरचा मोकळेपणी बोलतो. ताई किंवा दादा म्हणण्याइतक्या वयाचं कुणी मिळालं तर आणखी बरं.

"फील्ड कसं आहे?" असं विचारलं की "मेहनत केली तर चांगलं आहे" एवढंच उत्तर मिळतं. त्याऐवजी विचारा: काल सकाळी आल्यापासून काय काय केलं? गेल्या महिन्यात सगळ्यात कंटाळवाणं काय होतं? नव्याने लागलेल्या मुलाच्या हातात महिन्याला किती येतात? तुमच्यासोबत लागलेले जे सोडून गेले, ते का गेले? उत्तरं त्यांच्याच शब्दांत लिहून घ्या. पंधरा मिनिटं झाली की आपणच आभार मानून थांबा.

काही कामं विनाओळखीची बघता येतात. सिव्हिल लाइन्समधल्या जिल्हा न्यायालयात बंद दाराआड चालणारी प्रकरणं सोडली तर सुनावणी कुणालाही बसून ऐकता येते. मोबाइल बंद ठेवायचा, मागच्या बाकावर बसायचं. तीन दिवस जा. पहिल्या दिवशी नुसत्या तारखा पडताना दिसतील आणि निराशा होईल, पण तोही त्या पेशाचा खराच भाग आहे. नीरी ही सीएसआयआर या केंद्र सरकारच्या वैज्ञानिक संशोधन परिषदेची प्रयोगशाळा. सीएसआयआरच्या २६ सप्टेंबरच्या स्थापना दिवसाच्या सुमारास तिच्या प्रयोगशाळा लोकांना दाखवतात. नीरीत आधी फोन करून तारीख विचारून घ्या. कळमन्याच्या बाजारात संत्र्यांच्या हंगामात पहाटे गेलात तर प्रतवारी, लिलाव, वाहतूक आणि सडून वाया जाणारा माल एकाच जागी दिसतो. अन्न तंत्रज्ञान किंवा कृषी व्यापार निवडू पाहणाऱ्याला ती सकाळ माहितीपत्रकापेक्षा जास्त शिकवते.

वीस तास करून बघा

ऐकून आणि बघून दोन कामं उरली की प्रत्येकी वीस तास प्रत्यक्ष करा. वीस का? पहिले तीन-चार तास नवलाईत जातात. नंतर हात चुकायला लागतो आणि चीड येते. ती ओसरल्यावर जे उरतं ते खरं. पाच तासांत सोडलं तर एक तर खोटं प्रेम पदरात पडतं किंवा खोटी नावड.

सीए व्हायचं असेल तर ओळखीच्या दुकानाची एका महिन्याची बिलं घ्या, नोंदवा आणि बँकेच्या उताऱ्याशी रुपया न् रुपया जुळवा. तीनशे चाळीस रुपयांचा फरक शोधताना मजा आली तर दोन वर्षांची आर्टिकलशिप, म्हणजे सीएच्या हाताखालची उमेदवारी, हीही सुखाची जाईल. प्रोग्रॅमिंगमध्ये व्हिडिओ बघून हुबेहूब करणं धरू नका. घरच्या किराण्याचा हिशेब ठेवणारा छोटा प्रोग्रॅम आपल्या डोक्याने लिहा, आणि एरर दोन तास सुटली नाही तेव्हा मनाचं काय झालं ते वहीत नोंदवा. शिक्षक व्हायचं असेल तर सातवीतल्या तीन मुलांना अपूर्णांक शिकवा. त्यातलं एक गणिताला घाबरणारं हवं. फिटर किंवा मेकॅनिकलकडे ओढ असेल तर वर्कशॉपमध्ये परवानगी घेऊन लोखंडी पट्टीचा तुकडा कानसीने घासून गुण्यात, म्हणजे काटकोनात, आणा. दंड भरून येतील. कड सरळ झाल्यावर तिच्यावरून बोट फिरवावंसं वाटलं, तर ती खूण फार मोलाची. हॉटेल मॅनेजमेंट हवं असेल तर केटररकडे एक पूर्ण लग्न मदतीला जा आणि भांडी आवरेपर्यंत थांबा.

जंगलाची ओढ आपल्या मुलांना पेंच, ताडोबा, उमरेड-कऱ्हांडल्यामुळे लहानपणापासून असते. वन विभागाचं काम बहुतांशी पायी गस्तीचं, वणव्याच्या मोसमात जाळरेषा (आग पसरू नये म्हणून साफ ठेवलेले पट्टे) सांभाळण्याचं, गावकऱ्यांशी बोलण्याचं आणि नोंदवह्या भरण्याचं आहे. महिनोन् महिने वाघ दिसला नाही तरी हे काम आवडेल का? बुद्धपौर्णिमेच्या रात्री वन विभाग नागरिकांना मचाणावर बसू देतो. वयाची अट आणि शुल्क त्या वर्षीच्या सूचनेत बघा. डास, थंड पडलेला डबा आणि पाणवठ्यावर रात्रभर फक्त रानडुकरं, एवढ्यावरही पुन्हा यावंसं वाटलं तर पुढचा विचार करा.

डॉक्टरकीची चव अशी घेता येत नाही. तरी घरातल्या आजारी माणसाची आठवडाभर पूर्ण जबाबदारी घेऊन बघा: औषधांच्या वेळा, मलमूत्र, रात्रीचं उठणं. किळस आणि चिडचिड किती आली, ते खरं लिहा.

दारं उघडी कशी ठेवायची

ठरत नसेल तर निदान वाट बंद होऊ देऊ नका. अकरावी सायन्सला फिजिक्स, केमिस्ट्रीसोबत मॅथ्स आणि बायोलॉजी दोन्ही घेतले की इंजिनिअरिंग आणि मेडिकल दोन्हीकडे जाता येतं. ओझं वाढतं, पण दहावीनंतर खरंच ठरलेलं नसेल तर ते परवडतं. मॅथ्स सोडताना लक्षात घ्या की एनडीएतून हवाई दल-नौदल आणि व्यावसायिक वैमानिक व्हायला बारावीला फिजिक्स-मॅथ्स लागतं. दहावीनंतर तीन वर्षांचा डिप्लोमा केला तर इंजिनिअरिंगच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळतो, आणि दोन वर्षांचा आयटीआय ट्रेड केलेल्याला डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला. हाताच्या कामाची आवड असलेल्या मुलाला ही वाट दाखवायला लाजू नका. वकिलीला बारावीनंतर पाच वर्षं किंवा पदवीनंतर तीन, शाखा कुठलीही चालते.

पैशांचा हिशेब

आवड आणि हप्ता एकाच पानावर मांडा. ८ लाखांचं शैक्षणिक कर्ज, १० टक्के व्याज, १० वर्षं, तर हप्ता साधारण १०,५७० रुपये येतो. शिकत असताना साचलेलं व्याज मुद्दलात गेलं की तो वाढतो. त्या कामात नव्या माणसाच्या हातात २२,००० येत असतील तर निम्मा पगार बँकेचा, आणि मग आवडतं काम सोडून जास्त पगाराच्या नावडत्या कामामागे धावावं लागतं. हप्ता सुरुवातीच्या पगाराच्या तिसऱ्या हिश्श्याच्या आत बसत नसेल तर तेच शिक्षण सरकारी किंवा अनुदानित ठिकाणी मिळतं का, ते बघा. आर्थिकदृष्ट्या दुर्बल, एसईबीसी (सामाजिक आणि शैक्षणिकदृष्ट्या मागास) आणि ओबीसी गटांतल्या मुलींना, कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न ८ लाखांपर्यंत असेल तर, २०२४-२५ पासून कॅपमधून, म्हणजे सरकारच्या केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेतून, मिळालेल्या व्यावसायिक अभ्यासक्रमांच्या प्रवेशावर शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्कात पूर्ण सवलत आहे. व्यवस्थापन कोट्याला ती लागू नाही.

घरच्यांशी बोलताना

बाबांना "मला हे आवडत नाही" एवढंच सांगितलं तर वाद होतो, कारण त्यांच्या मनात भीती असते ती तुमच्या पोटापाण्याची. त्यांच्यापुढे एक पान ठेवा: कुणाकुणाशी बोललो, वीस तासांत काय केलं, खर्च किती, सुरुवातीला किती मिळतात, नाही जमलं तर पुढे काय. ही भीती रास्त असते आणि तिला आकड्यांनीच उत्तर द्यायला हवं. स्पर्धा परीक्षा करायची असेल तर किती प्रयत्न आणि कोणत्या महिन्यापर्यंत हे आधी लिहून दोघांनी सही करा. पालकांनीही एक पाळावं: शेजारच्या मुलाचं पॅकेज मध्ये आणू नये.

आधीच नोकरीत असाल आणि मन लागत नसेल, तर राजीनाम्याआधी वहीचे तेच चौदा दिवस नोकरीवर करा. उणे खुणा कामावर पडतात की साहेबांवर, की बुटीबोरीच्या रोजच्या प्रवासावर, हे वेगळं काढा. साहेब आणि प्रवास यांना उपाय त्याच क्षेत्रातली दुसरी जागा. कामावरच पडत असतील तर सहा महिन्यांचा घरखर्च बाजूला पडेपर्यंत नोकरी धरून ठेवा आणि वीस तासांचे प्रयोग रविवारी करा.

प्रवेश घेतल्यावर वही फेकू नका. पहिल्या सत्राच्या मध्यावरची एक तारीख आत्ताच पहिल्या पानावर लिहून ठेवा, आणि त्या दिवशी पुन्हा चौदा दिवसांच्या नोंदी सुरू करा. प्रवेश रद्द करण्याची शेवटची तारीखही तिथेच लिहा: तंत्रशिक्षणाच्या अभ्यासक्रमांत ती उलटण्याआधी अर्ज केला तर एआयसीटीई या तंत्रशिक्षणाच्या केंद्रीय परिषदेच्या नियमाप्रमाणे जास्तीत जास्त १,००० रुपये कापून बाकी फी परत द्यावी लागते, आणि कुठल्याही कॉलेजला तुमची मूळ गुणपत्रिका अडवून ठेवता येत नाही.